बनस या शब्दाचा अर्थ

"पाळकसाहेब, त्यांना सांगा, खिडकी लावून घ्या म्हणावं. धूळ येतीय."

थोमानाना माझ्या डाव्या हाताला बसले होते. उजव्या हाताला, खिडकीशी, पत्रसअण्णा. यष्टीच्या तीन माणसांच्या बाकावर मी मधे, मांडीवर पिशवी, पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल. त्या दोघांत अंतर फार तर हातभर असेल, आणि तेवढं सगळं मी व्यापलं होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "नाना म्हणतात, खिडकी लावा."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, काच अडकलीय. आणि हेही सांगा, की या गाडीचा क्लच घसरतोय. पुण्याला पोचलो तरी पुष्कळ. धुळीचं काय घेऊन बसलात."

मी डावीकडे वळलो. "नाना, काच..."

"मलाही ऐकू येतं," नाना म्हणाले.

नेवाशापासून नगरपर्यंत हे असंच चाललं होतं. दोघे सख्खे भाऊ, आडनाव पारखे. थोरले थोमानाना प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. धाकटे पत्रसअण्णा यष्टीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, तेही घरी बसलेले. अकरा वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. कुणाशी तरी, पण एकमेकांना ऐकू जाईल असं, ते भरपूर बोलत. या वेळी तो कुणीतरी मी होतो.

हे सन एकोणऐंशीचं. मी सव्वीस वर्षांचा, बोरठाणच्या ख्रिस्ती मंडळीत शिकाऊ पाळक. पाळकाची दीक्षा अजून मिळायची होती आणि ती पंचांच्या पत्रावर अवलंबून होती. पंचांचे प्रमुख थोमानाना. पत्रसअण्णा पंच नव्हते, पण अर्धं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) त्यांच्या बाजूचं होतं, ही गोष्ट देवळात शिरताक्षणी कळे. नाना पहिल्या बाकावर बसत आणि अण्णा शेवटच्या. बाकीच्यांनी आपापल्या मताप्रमाणे पुढे-मागे बसायचं. भांडण कशावरून, असं मी दोनतीनदा विचारून पाहिलं. लोक म्हणत, "जुनं आहे," आणि विषय बदलत.

आता माझा अपराध सांगतो.

सेमिनरीत आम्हाला एक सत्र अरामी भाषा होती. शास्त्रातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा काही भाग त्या भाषेत आहे, म्हणून. माझी अरामी म्हणजे चार महिन्यांची, त्यातले दोन मी हिवतापात काढलेले. पण बोरठाणात ती कुणालाच येत नव्हती, त्यामुळे माझी उत्तमच होती. आदल्या आठवड्यात शनिवारी मी दानीएलाचा दुसरा अध्याय काढला. बाबेलच्या राजाला स्वप्न पडतं, ज्ञान्यांना ते उलगडता येत नाही आणि राजाला राग येतो. या रागासाठी मूळ भाषेत शब्द आहे बनस. मी कोश उघडला. कोशात लिहिलं होतं: रागावणे, शास्त्रात एकदाच आलेला शब्द.

एवढ्यावर वीस मिनिटं बोलता येत नाही.

रविवारी मी व्यासपीठावर उभा राहिलो. "अरामी भाषेत इथे एक विशेष शब्द आहे," मी म्हणालो, "बनस." शब्द उच्चारला आणि मंडळी सावरून बसली. डुलक्या घेणारे जागे झाले. असा मान मला त्या देवळात पहिल्यांदाच मिळत होता, आणि मानाची नशा चढायला वेळ लागत नाही. "बनस म्हणजे साधा राग नव्हे," मी पुढे गेलो. "साधा राग येतो आणि जातो. बनस म्हणजे दावणीला बांधलेला राग. माणूस त्याला रोज वैरण टाकतो, पाणी दाखवतो, पाठीवरून हात फिरवतो. तो औताला येत नाही, दूध देत नाही, तरी विकवत नाही. बाबेलचे ज्ञानी याला म्हणत बनस."

बाबेलच्या ज्ञान्यांनी असलं काही म्हटल्याचं मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढच्या निम्म्या मंडळींनी वळून मागे पाहिलं आणि मागच्या निम्म्यांनी मान उंच करून पुढे. नाना ताठ बसले होते. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. माझ्या मनात त्या दोघांचा विचारही नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. फक्त शपथ वाहूच नका, असं शास्त्र म्हणतं, तेही मला माहीत आहे.

बुधवारपर्यंत शब्द गावभर झाला. नळावर एक सून दुसरीला म्हणाली, "आमच्या सासूबाई कालपासनं बनसल्यात." किराणा दुकानदार ख्रिस्ती नव्हता, पण साखर बांधता बांधता त्यानं मला विचारलं, "काय पाळक, पारखे बंधू बनसलेत म्हणे?" गुरुवारी पंचांची बैठक बोलावली गेली.

"शब्द कुठे लिहिलाय?" नानांनी विचारलं. समोर वही, हातात पेन.

"दानीएल, अध्याय दुसरा, वचन बारावं."

"शब्द नाही. अर्थ कुठे लिहिलाय?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. पत्रसअण्णा चौकटीला टेकून उभे होते. "पंचांना सांगा," ते म्हणाले, "माझाही हाच प्रश्न आहे."

अकरा वर्षांत दोघांचं एकमत झाल्याचा हा पहिला प्रसंग. सगुणाबाई नावाच्या वयस्कर पंच होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी घाबरलो आणि घाबरून दुसरं खोटं बोललो. म्हणालो, "आमच्या सरांनी शिकवलाय हा अर्थ."

"कुठे असतात सर?"

"पुण्यात."

"मग विचारून येऊ," नाना म्हणाले. "मी येतो."

"सांगा त्यांना, मी पण येतोय," अण्णा दारातून म्हणाले. "एकटे गेले तर परत येऊन काय सांगतील, काय भरवसा."

असे आम्ही तिघे दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिल्या गाडीत बसलो होतो. शिरूर येईस्तोवर मी एक बेत पक्का केला. पोचल्याबरोबर सरांना आतल्या खोलीत न्यायचं, पाय धरायचे आणि म्हणायचं, सर, एवढी वेळ निभावून न्या.

शेलोमो सर वाकरूळकर रास्ता पेठेत पहिल्या मजल्यावर राहत. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घराण्यातले, हिब्रू आणि अरामी दोन्हींत मुरलेले. तीस वर्षं त्यांनी आम्हा ख्रिस्ती पोरांना त्या भाषा शिकवल्या आणि आम्ही एकजात कच्चे निघालो, याचं दुःख ते उघड बोलून दाखवत. दार त्यांनीच उघडलं. डोक्यावर काळी टोपी, चष्मा कपाळावर.

"सर, जरा आत येता का, एक खासगी..."

"आत सिपोराबाई डाळ निवडतीय. पाय ठेवायला जागा नाही. बसा इथंच."

मी बसायच्या आत नानांनी वही उघडली. मास्तरच ते, माझं सगळं प्रवचन त्यांनी घरी जाऊन उतरवून काढलं होतं. पाणीही न पिता त्यांनी वाचून दाखवलं. दावण, वैरण, पाठीवरचा हात, औत, दूध, एक शब्द गाळला नव्हता. सर डोळे मिटून ऐकत होते.

"पुन्हा वाचा," सर म्हणाले.

नानांनी पुन्हा वाचलं.

"छान आहे." सरांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या कोशात मिळालं?"

आतून सुपात डाळ पाखडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कोशात नाही, सर."

"मग?"

"मला सुचलं."

नानांनी पेनाला टोपण लावलं. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे खोटं?"

"हो."

"देवळात?"

"हो."

"आणि सरांनी शिकवलं म्हणालात, ते?"

"तेही."

अण्णांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. नानांनीही तिकडून पाहिलं. दोघांच्या तोंडावर एकाच जातीचं समाधान होतं, आणि हे दोघे दिसायला किती सारखे आहेत ते मला तेव्हा कळलं. तेच नाक, त्याच भुवया. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. वडिलांना काय सांगायचं, तेही जुळवू लागलो.

"मग खरा अर्थ काय?" नानांनी सरांना विचारलं. "आलोच आहोत तर."

सरांनी मोठं शास्त्र काढलं आणि बोट ठेवून उजवीकडून डावीकडे वाचलं. अण्णा वाकून बघत होते. "रागावला," सर म्हणाले. "एवढाच अर्थ. शास्त्रात हा शब्द दुसरीकडे कुठे नाही, त्यामुळे ताडून बघायला काही नाही. पण शेजारी हा बघा, कत्सफ. हा ओळखीचा आहे, इतरत्र भेटतो. तो रागाचा, म्हणून हाही रागाचा. पुढच्या काळातल्या लिखाणात सापडतो, तिथंही रागच. कुठल्या तऱ्हेचा राग, ते कुणी सांगत नाही."

"एवढ्यासाठी आम्ही पुण्याला आलो?" अण्णा म्हणाले.

"शब्दात मिळालं नाही तर गोष्टीत बघावं. राजा कशावरून रागावला?"

"स्वप्नाचा अर्थ सांगितला नाही म्हणून," नाना म्हणाले. वर्गात पहिला हात वर करावा, तसं.

"चूक."

छत्तीस वर्षं पोरांना चूक म्हणण्यात गेलेल्या माणसाला कुणीतरी चूक म्हणालं होतं. नानांचे कान लाल झाले.

"नीट वाचा. ते ज्ञानी बिचारे म्हणत होते, महाराज, स्वप्न काय पडलं ते सांगा, आम्ही अर्थ सांगतो. राजा म्हणाला, ते नाही चालायचं. काय पडलं तेही तुम्हीच सांगायचं. त्याची झोप उडाली होती, काळजाचं पाणी झालं होतं, पण काय पाहिलं ते तोंडातून काढायला तयार नाही. ते म्हणाले, असं कुणाला ओळखता येत नसतं. यावर तो बनस. सगळ्यांची मुंडकी उडवा म्हणाला."

अण्णा हसले. "म्हणजे आपण बोलायचं नाही, दुसऱ्यानं ओळखायचं, आणि नाही ओळखलं तर..."

ते तिथंच थांबले. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण खालचं माणूस निघून गेल्यासारखं.

सरांच्या पत्नी सिपोराबाई कोकम सरबताचे पेले घेऊन आल्या, ठेवून उभ्या राहिल्या. नाना पेल्याकडे बघत होते.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "त्यांना विचारा, किती वाजेपर्यंत थांबले होते."

कशासाठी थांबले, कधी, मला काहीच माहीत नव्हतं. मी उजवीकडे वळलो. "अण्णा, किती वाजेपर्यंत थांबला होतात?"

"सव्वापाच."

"नाना, सव्वापाच."

"विचारा, तार कधी केली."

"सांगा, सकाळी सातला. नेवाशाला सायकलवर जाऊन."

"त्यांना सांगा," नानांचा आवाज बारीक झाला होता, "मला ती चारला मिळाली. संगमनेरला शिबिर होतं मास्तरांचं. तारवाला शाळेत गेला, शाळेला सुट्टी. शिपायानं शोधत शोधत आणून दिली. पुढची गाडी सकाळचीच."

मी उजवीकडे वळलो, पण अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते.

"नाना, मे महिना होता," ते म्हणाले.

"मला माहीताय."

"तुला माहीत नाही. तू सावलीत होतास. आई पहाटे गेली. दुपारी बाया म्हणायला लागल्या, पत्रस, आता ठेवू नको. बर्फ कुठला आपल्याकडं. मी म्हटलं, नाना येऊ द्या. तीन झाले, चार झाले. सव्वापाचला पाळक म्हणाले, आता नाही."

"मी आलो तर माती सारखी करून झाली होती. तोंड तरी बघू द्यायचं."

"बघण्यासारखं राहिलं नसतं. तुला तसलं तोंड दाखवू मी?"

"हे तेव्हा सांगायचंस."

"तू विचारलंस कुठं? सगळ्या गावासमोर म्हणालास, याला आई पुरायची घाई झाली होती."

आईच्या मातीवरून हे सगळं चाललं आहे, हे मला इतक्या उशिरा कळत होतं, आणि मी दोघांच्या मधोमध बसलो होतो. सरांनी मला खूण केली. मी उठून त्यांच्या मागे आत गेलो. सिपोराबाईंनी निवडलेली डाळ बाजूला सारून मला जागा करून दिली.

"गाढवा," सर हळूच म्हणाले, "तुला जे सुचलं ते वाईट नव्हतं. स्वतःच्या नावावर सांगायचं होतंस. अरामीच्या गळ्यात कशाला बांधलंस?"

"माझ्या नावावर कुणी ऐकलं नसतं, सर."

"मग तेवढं चांगलं सुचेस्तोवर गप्प बसायचं." त्यांनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "परवा देवळात सांग सगळं."

बाहेर आवाज चढले होते. तार सातला केली की नवाला, यावर वाद पेटला होता. तारेच्या कागदावर नऊ छापलं होतं, असं नाना म्हणत होते, आणि तो कागद आपल्या ट्रंकेत आहे, गावी गेल्यावर दाखवतो. दाखवच, असं अण्णा म्हणत होते.

परतीच्या गाडीत त्यांनी मला उठवून मागच्या बाकावर पाठवलं. एका बाईच्या टोपलीत कोंबडी होती, तिच्या शेजारी मी बसलो. पुढे अखंड बोलणं चाललं होतं. शिबिर, सायकल, नऊ, सात, पाळक, बाया. वाघोलीच्या पुढे कंडक्टर येऊन म्हणाला, "आजोबा, जरा हळू, लोकांना त्रास होतोय." अण्णा म्हणाले, "तुमचा क्लच बघा आधी." नाना म्हणाले, "बरोबर आहे."

शिरूरला गाडी चहासाठी थांबली. उन्हं उतरली होती. नाना हॉटेलच्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्यासमोर होतो, पण त्यांना मी दिसत नव्हतो. अण्णांनी आतून एक बशी आणली, गरम भजी आणि दोन पाव, आणि नानांच्या पुढ्यात ठेवली.

"खा."

"भूक नाही."

अण्णा बसले. बशी थोडी पुढे सरकवली. "आई म्हणाली होती," ते म्हणाले, "थोमा लांबून येईल. आधी त्याला जेवायला घाल, मग सांग. मी ताट वाढून ठेवलं होतं. तू अंगणातनंच भांडून परत गेलास."

नानांनी एक भजं उचललं. मी चहाचा कप घेऊन उठलो आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं वळून पाहिलं तर बशी रिकामी होती आणि अण्णा दुसरी आणायला निघाले होते.

रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ रागावला, एवढाच. बाकीचं मी रचलेलं. सरांचं नाव घेतलं तेही खोटं. मंडळी नाराज झाली, पण माझ्यावर नव्हे. सगुणाबाई उठून म्हणाल्या, "तो पहिला अर्थच बरा होता. तोच ठेवता येणार नाही का?" नाना पहिल्या बाकावर बसले होते आणि अण्णा शेवटच्या. नंतर मी अण्णांना याबद्दल विचारलं, तर म्हणाले, तिथं वारा लागतो.

पंधरा दिवसांनी पंचांचं पत्र तयार झालं. नानांनी मला बोलावून पाकीट बंद करण्याआधी वाचून दाखवलं. त्यांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं, एक वेलांटी चुकलेली नाही.

"सदर शिकाऊ पाळक प्रसंगी असत्य बोलतात. विचारले असता कबूल करतात. अरामी भाषा फार कच्ची आहे. प्रवचन ऐकण्यासारखे असते. मंडळीस चालतील."

खाली थोमानानांची सही. तिच्या शेजारी दुसरी, जाड बोटांनी पेन दाबून केलेली: पत्रस पारखे, वरील मजकूर मलाही मान्य.

अण्णा पंच नव्हते, त्यांच्या सहीची काही गरज नव्हती. मिशनची कचेरी असल्या बाबतीत फार काटेकोर. आठवड्यानं तिकडून कार्ड आलं, की पाळकांच्या दीक्षेस हरकत नाही, मात्र पत्रावर ज्यांची दुसरी सही आहे ते गृहस्थ कोण आणि कोणत्या अधिकाराने सही करतात, याचा खुलासा व्हावा.

नानांनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग उत्तरासाठी कोरं कार्ड घेतलं, वर तारीख घातली, मायना लिहिला आणि खुलाशाच्या जागी एकच शब्द लिहिला: भाऊ.